शंभर शुगरचा माणूस

ही गोष्ट तुम्हाला पटायची नाही. आजवर जिथं जिथं सांगितली, तिथं लोकांनी एकमेकांना कोपरानं ढोसलं. एका वकिलानं तर फी घेऊनसुद्धा विश्वास ठेवायला नकार दिला. पण डॉक्टरीणबाई अजून आलेल्या नाहीत, आपल्या बाकावर अजून अकरा नंबर बाकी आहेत, आणि समोरच्या भिंतीवरचं मूत्रपिंडाचं चित्र माणूस बघून बघून किती बघणार? तेव्हा ऐका. हसायचं असेल तर तोंडावर हात ठेवून हसा, आतली नर्स तापट आहे.

काटेमास्तर म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस. चाळीस वर्षं हाच धंदा. कान असा, की डोळे मिटून सांगायचे, पारड्यात माशी बसली. नर की मादी एवढंच विचारावं लागे. त्यांच्या दुकानात एक लाकडी पेटी होती. तिच्यात मखमलीच्या खळग्यांत पितळेची प्रमाण वजनं झोपवलेली असत, एक किलोपासून एक ग्रॅमपर्यंत. कुठलाही काटा खरा की खोटा, हे ती वजनं सांगत. त्यांना हातानं शिवायचं नाही, चिमट्यानं उचलायचं, कारण बोटाचा घामसुद्धा तोलला जातो. आणि बाहेरून आणलेलं वजन लगेच काट्यावर ठेवायचं नाही. खोलीत तास-दोन तास स्वस्थ बसू द्यायचं, तिथली हवा त्याच्या अंगवळणी पडली की मग तोलायचं. या दोन नियमांवर मास्तरांचा जेवढा विश्वास होता, तेवढा स्वतःच्या लग्नावरही नव्हता. लग्न, ते म्हणत, एकदाच तोललं, आणि तेही सासऱ्याच्या काट्यावर.

तर वहिनींना, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, शुगर निघाली. गोळी सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी वहिनी हातात डाव घेऊन स्वयंपाकघराच्या फरशीवर खाली बसल्या त्या बसल्याच. अंगाला गार घाम. मास्तरांनी हाका मारल्या तर त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "कोण पाहिजे आपल्याला?"

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "गोळी जास्त होतेय की कमी पडतेय, हे मला तुमच्या तोंडाकडे बघून कळणार नाही," त्या म्हणाल्या. "घरी शुगरचं मीटर आणा. सकाळी उपाशीपोटी एक आकडा, दुपारी जेवणाआधी एक. वहीत लिहा आणि पंधरा दिवसांनी वही घेऊन या. तिच्यावरून गोळी ठरवू. मात्र चुकीचे आकडे आणलेत तर चुकीची गोळी मिळेल, आधीच सांगते. मध्येच पुन्हा असा गार घाम आला, तर आधी दोन-तीन चमचे साखर खायची, मग बाकीचं."

चुकीचा आकडा, चुकीची गोळी. चाळीस वर्षांत मास्तरांना त्यांच्या भाषेत बोलणारा हा पहिलाच डॉक्टर. ते वाक्य त्यांच्या डोक्यात असं रुतून बसलं, की पुढचं साखरेचं वाक्य बाहेरच राहिलं. रस्त्यात ते वहिनींना म्हणाले, "अगं, मीटर म्हणजे काटाच की."

"काटाच," वहिनी म्हणाल्या. "पण तो आज आणा."

त्या दिवसापासून मास्तर स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायला लागले. कुणी विचारलं तर सांगत, इथं वाचायला उजेड चांगला येतो. त्या दारात उजेड येत नव्हता, आणि मास्तरांच्या हातात वाचायला काही नसे.

औषधाच्या दुकानात दोघं गेले. औषधवाल्यानं तीन डब्या काचेवर मांडल्या.

"हे घ्या काका. हे फुकट."

"फुकट? मग तुमची चूल कशावर पेटते?"

"यंत्र फुकट. पट्टी तेवढी महाग. पट्टी यंत्रात खोचायची, बोट टोचायचं, थेंब लावायचा, आकडा येतो."

"एक पट्टी किती दिवस चालते?"

"दिवस कसले, काका! एक थेंब, एक पट्टी. मग टाकून द्यायची."

"म्हणजे घोडा फुकट आणि चारा सोन्याचा."

"हे तुम्ही म्हणालात. मी नाही म्हणालो." औषधवाल्यानं दुसरी डबी पुढे सरकवली. "हे बघा काकू, हे मोबाइलला आकडा कळवतं. मुलगी, जावई, सून, सगळ्यांना एका वेळी."

"म्हणजे मी चमचाभर साखर चाटली की गावभर दवंडी," वहिनी म्हणाल्या. "तिसरं दाखवा."

तिसरं यंत्र कॅल्क्युलेटरच्या गरीब मावसभावासारखं दिसत होतं. यंत्राला थोडे पैसे, पट्टी स्वस्त.

मास्तरांनी तिन्ही यंत्रं कानाशी धरून हलवली. "यातलं खरं कोणतं बोलतं?"

"सगळीच खरी. डबीवर लिहिलेलं असतं ना."

काटेमास्तर महिन्याभरात पहिल्यांदा हसले. ते दुकानाच्या दारातल्या वजनाच्या यंत्रावर जाऊन उभे राहिले, डोळे मिटले, आतल्या स्प्रिंगची कुरकुर ऐकली आणि म्हणाले, "यावरही लिहिलंय, अचूक वजन. हा दोन किलो खातो."

रांगेतली एक जाडजूड बाई पुढे आली. "खातो म्हणजे? जास्त दाखवतो की कमी?"

"जास्त."

"अहो, गेली तीन वर्षं मी भात सोडलाय!" बाई औषधवाल्याकडे वळली.

औषधवाल्यानं घाईघाईनं तिन्ही मीटर, तिन्हींच्या पट्ट्या आणि टोचण्या एका पिशवीत भरून मास्तरांच्या हातात दिल्या. "घरी न्या. तपासा. एक ठेवा, दोन परत आणा. पण काका, त्या काट्याबद्दल बाहेर एक अक्षर नको."

इथपर्यंत तुमचा विश्वास बसला असेल. आता पुढे बसणार नाही.

काटा तपासायचा तर प्रमाण वजन लागतं. साखरेचं प्रमाण वजन कुठून आणायचं? वहिनींचं रक्त चालणार नाही, कारण तेच तर मोजायचं होतं. स्वतःचं चालणार नाही, कारण मास्तरांना काळजी लागली होती, आणि काळजीनं साखर हलते असं डबीतल्या कागदावर बारीक अक्षरांत छापलं होतं. तेव्हा असा माणूस पाहिजे, की ज्याची साखर कधीच हलत नाही. मास्तर दोन गल्ल्या फिरले आणि ठोकेसाहेबांना घेऊन आले.

ठोकेसाहेब बाजारातल्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला चावी द्यायचे. आता निवृत्त. बावीस वर्षं रोज त्याच मिनिटाला एक उकडलेलं अंडं आणि पावाचे दोन काप. आयुष्यात एकदाच रागावले होते, तेही आधी कळवून. नोकरीत दरवर्षी रक्त तपासलं जाई आणि दरवर्षी शुगर शंभर. नव्याण्णव नाही, एकशे एक नाही. बावीस कागद त्यांनी दोऱ्यात ओवून ठेवले होते.

मास्तरांनी ते कागद बघितले आणि त्यांचे डोळे भरून आले. "ठोकेसाहेब, तुम्ही माणूस नाही," ते म्हणाले. "तुम्ही प्रमाण आहात."

"बरं," ठोकेसाहेब म्हणाले. "जेवणाची वेळ तेवढी पाळा."

मास्तरांनी त्यांना बाहेरच्या खोलीत मऊ गादीच्या खुर्चीत बसवलं. उघड्या हातानं त्यांना कधी धरलं नाही. उठवताना दोन्ही दंडांना स्वच्छ रुमाल लावून उठवत. त्यांच्यासमोर विनोद सांगायला बंदी. वर्तमानपत्र द्यायचं ते पहिलं पान काढून. रस्त्यानं नेताना चढ लागला तर वळसा. शेवटी कॉलरवर शिक्का मारला: तपासले, बरोबर आहे. ही बातमी पसरायला किती वेळ लागणार? चौथ्या दिवशी दारात रांग. कुणाचं मीटर, कुणाचं थर्मामीटर, एका तालीममास्तरानं तर मुठीचा जोर मोजायचं यंत्र आणलं. ठोकेसाहेब एकेकाला बोट देत, आणि दर माणसामागे घड्याळ बघत.

पट्ट्यांच्या बाबतीतही मास्तर नियमाला चुकले नाहीत. बाहेरून आलेला माल. त्यांनी तिन्ही डब्यांतल्या पट्ट्या काढून तीन ताटल्यांत खिडकीशी पसरून ठेवल्या, खोलीची हवा अंगवळणी पडावी म्हणून. वहिनी म्हणाल्या, "डबीवर झाकण का दिलंय मग?"

"विकताना सांडू नयेत म्हणून," मास्तर म्हणाले.

पहिल्या दिवशी फुकटच्या यंत्रानं ठोकेसाहेबांना एकशे सत्तावीस दाखवलं, मोबाइलवाल्यानं अठ्ठ्याऐंशी, साध्यानं एकशे चार. दुसऱ्या दिवशी नेमकं उलट. पाचव्या दिवशी एकानं आकड्याऐवजी नुसती चूक दाखवली. आठव्या दिवशी दुपारी साध्या यंत्रानं दाखवले दोनशे त्रेचाळीस. मास्तरांनी ठोकेसाहेबांकडे असं बघितलं, जसं सोनार फुटक्या मोत्याकडे बघतो.

"काय खाल्लंत?"

"अंडं आणि पाव," ठोकेसाहेब म्हणाले. मग त्यांनी वहिनींकडे बघितलं.

"मुरंबा दिला मी बोटभर," वहिनी आतून म्हणाल्या. "आठ दिवस माणूस माझ्या घरात कोरडा पाव चावतोय. मला बघवेना. बोट चाटलं त्यांनी, धुतलं नसेल."

"अगं, प्रमाण हलवलंस तू!"

"प्रमाण राहू दे. वही कोरी आहे. आठ दिवस झाले, एक आकडा नाही तिच्यात."

"खोट्या काट्यावर तुला तोलणार नाही मी," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा वर गेला. "एकदा चुकीचा आकडा लिहिला, की चुकीची गोळी. मग?"

मास्तर दारातल्या खुर्चीवर जाऊन बसले.

नवव्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला आतून भांडं पडल्याचा आवाज आला. वहिनी ओट्याला धरून उभ्या होत्या, हात थरथरत होते, कपाळावर घामाचे थेंब. मास्तरांची पाचावर धारण बसली. त्यांनी वहिनींना खाली बसवलं, बोट टोचलं, फुकटच्या यंत्राला थेंब लावला. अठ्ठावन्न. मोबाइलच्या यंत्राला लावला. एकशे अठरा. तिसऱ्याच्या पट्ट्या संपल्या होत्या, कारण रांगेतल्या लोकांनी त्या मागून नेल्या होत्या. मास्तर दोन्ही हातांत दोन यंत्रं धरून उभे राहिले. एक म्हणत होतं साखर द्या, दुसरं म्हणत होतं गरज नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे काटे पकडणारा माणूस घरात दोन काट्यांच्या मधे अडकला होता.

"ठोकेसाहेब!" ते ओरडले. "बोट!"

ठोकेसाहेब बोट पुढे करून धावत आले. धावायला त्यांना बंदी होती.

"अहो," वहिनी फरशीवरून म्हणाल्या, जीभ जड, पण शब्द न शब्द कळेल असा, "त्यांचं बोट सोडा. साखरेचा डबा द्या."

मास्तर हलले नाहीत. म्हणजे त्यांना हलता आलं नाही. वहिनींनीच फडताळाच्या खालच्या कप्प्यात हात घातला, डबा ओढला, तीन चमचे साखर तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायल्या. ठोकेसाहेबांनी सवयीनं घड्याळ बघितलं. चौदाव्या मिनिटाला वहिनींच्या चेहऱ्यावर रंग आला. विसाव्या मिनिटाला त्यांनी पडलेलं भांडं उचललं.

मास्तर फरशीवर त्यांच्या शेजारी बसले होते. दोन्ही यंत्रं अजून हातांतच होती.

"तुमचा काटा खरा ठरेपर्यंत," वहिनी म्हणाल्या, "तोलायचा माल शिल्लक राहायला हवा ना?"

मास्तरांनी मान हलवली. बराच वेळ हलवली.

"आणि ऐका. शितावरून भाताची परीक्षा करायची, तर शीत त्याच पातेल्यातलं पाहिजे. तुम्ही दोन गल्ल्या पलीकडचं उचलून आणलंत." वहिनींनी ठोकेसाहेबांना हात जोडले. "तुम्हाला नाही हो म्हणत."

"बरोबर आहे तुमचं," ठोकेसाहेब म्हणाले. "मी जाऊ का? माझ्या अंड्याची वेळ झालीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी वहिनी पुढे आणि मास्तर मागे, असे दोघं रक्त तपासायच्या लॅबमध्ये गेले. लॅबवाली मुलगी तरुण होती, पण तिच्या भुवया अनुभवी होत्या. वहिनी म्हणाल्या, "माझ्या दंडातलं रक्त तुम्ही घ्या आणि मोजा. त्याच वेळी मी बोट टोचून या तीन यंत्रांवर बघते. तुमच्या आकड्याच्या जवळ कोण येतो ते कळेल."

"एवढं शहाणं गिऱ्हाईक फार दिवसांनी आलं," मुलगी म्हणाली. "पट्ट्या दाखवा."

मास्तरांनी रुमाल उलगडला. त्यात ताटल्या होत्या.

मुलीनं ताटल्यांकडे बघितलं, मग मास्तरांकडे. "किती दिवस उघड्या आहेत?"

"दहा. खोलीची हवा अंगवळणी पडायला."

"पडली. त्यातच त्या मेल्या. काका, हे काय कपडे आहेत का वाळत घालायला? झाकण दोन मिनिटं उघडं राहिलं तरी दमट हवा आत शिरते."

मास्तर बाहेर गेले आणि औषधवाल्याकडून तिन्हींच्या नव्या, बंद डब्या विकत घेऊन आले. वरची तारीखही बघून आणली. मुलीनं वहिनींना साबणानं हात धुवायला लावले, पुसायला लावले, दंडातून रक्त घेतलं, आणि लगेच बोटावर एकामागून एक तिन्ही यंत्रं. फुकटचं एकशे एक्कावन्न, मोबाइलचं एकशे सदतीस, साधं एकशे तेहतीस. दुपारी लॅबचा कागद आला: एकशे चाळीस.

"तिन्ही पास," मुलगी म्हणाली.

"तिन्ही नापास!" मास्तर म्हणाले. "एकही एकशे चाळीस बोललं नाही."

"काका, एवढ्या आकड्याला पंधरा टक्के इकडे-तिकडे चालतं. हा सोनाराचा काटा नाही. तुम्ही लाकडाच्या वखारीत काटा बघितलाय ना? सोनाराच्या काट्यावर कुणी ओंडका तोलतो का?"

मास्तर विचारात पडले. वखारीचे काटे त्यांनी शेकड्यांनी दुरुस्त केले होते, आणि ओंडक्यामागे मूठभर भुसा इकडे-तिकडे झाला म्हणून एकालाही खोटं म्हटलं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी काट्याच्या बाबतीत दुसऱ्याचं म्हणणं मानलं. मग हळूच म्हणाले, "तिन्ही पास, तर निवडायचं कशावर?"

"पट्टीवर," वहिनी म्हणाल्या. त्यांनी हिशोब केव्हाच केला होता. "रोज दोन पट्ट्या. फुकटवाल्याची एक येते तेवढ्यात या साध्याच्या तीन येतात. आणि कोपऱ्यावरच्या दुकानात त्या कायम मिळतात. आकडेही मोठे आहेत, चष्मा शोधावा लागत नाही. आता उठा, वहीला पाच दिवस उरलेत."

तर असं साधं यंत्र घरात राहिलं. बाकीची दोन परत गेली. औषधवाल्यानं दारातला काटाही बदलला, आणि त्या भातवाल्या बाईनं त्याच दिवशी दोन ताटं भात खाल्ला. मास्तर सकाळी आणि दुपारी वहिनींचे हात धुऊन द्यायचे, पट्टी काढून चट्कन झाकण लावायचे, आकडा वाचायचे आणि वहिनी वहीत लिहायच्या. पाच दिवस, दहा आकडे. पंधराव्या दिवशी संध्याकाळी दोघं इथंच, याच बाकावर येऊन बसले. नंबर लागला. डॉक्टरीणबाईंनी वही उघडली.

आणि काय सांगू मंडळी! पहिला आकडा शंभर. दुसरा शंभर. पान उलटलं, शंभर. सकाळी शंभर, दुपारी शंभर, दहाच्या दहा आकडे शंभर, एक इकडे नाही की तिकडे नाही! डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्या, त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, मास्तर, माझ्या सबंध आयुष्यात असलं यंत्र आणि असली बायको…

"खोटं!"

बाकाच्या टोकाला, मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या वहिनी उठून उभ्या राहिल्या होत्या. शेजारी मास्तर भिंतीवरचं मूत्रपिंड बघत होते.

"साफ खोटं, भावजी! ठोकेसाहेबांच्या कॉलरवर शिक्के मारा, माशीला नर म्हणा, मी एक शब्द बोलले नाही. पण माझ्या वहीला हात लावायचा नाही." त्यांनी पिशवीतून वही काढून सगळ्या बाकासमोर उघडली. "सकाळी एकशे अडतीस, दुपारी चौसष्ट. सकाळी एकशे बेचाळीस, दुपारी एकसष्ट. पाच दिवसांच्या पाच दुपारी, आणि पाचही खाली गेलेल्या! म्हणून तर बाईंनी गोळी अर्धी केली. सगळे शंभर लिहिले असते, तर गोळी तेवढीच राहिली असती, आणि आज मी तुमची गोष्ट ऐकायला इथं बसले असते का?"